दुसऱ्या वेळचे मत



रोह्याच्या आमच्या युनियनच्या कचेरीत भिंतीवर एक कागद डकवलेला आहे. १९५२ पासून आपल्या जिल्ह्यातून लोकसभेवर गेलेल्या खासदारांची नावे आम्ही त्यावर स्वतःच्या हाताने लिहून ठेविली आहेत. कामगारांच्या अभ्यासवर्गासाठी केलेला तो कागद. आता त्याच्या कडा पिवळ्या पडल्या आहेत आणि एका कोपऱ्यावर चहाचा डाग आहे. एके दिवशी धाटावच्या एका कारखान्यात नुकताच लागलेला पोरगा तो वाचता वाचता म्हणाला, "भाऊ, यात एकाचंही नाव लागोपाठ दोनदा येत नाही हो!" आम्ही म्हटले, "येते. खाली बघ." त्याने बोट खाली खाली नेले. ते बोट थांबले ते १९९१ वर.

चिंतामणराव देशमुख, राजाराम बाळकृष्ण राऊत, भास्कर नारायण दिघे, दत्तात्रय काशिनाथ कुंटे, शंकरराव सावंत, दि. बा. पाटील, ए. टी. पाटील, पुन्हा दि. बा. पाटील आणि मग बॅरिस्टर अंतुले. नऊ निवडणुका झाल्या आणि दर वेळी दिल्लीला गेलेला माणूस निराळा. यांतले कोणी उभे राहून पडले, कोणी उभेच राहिले नाहीत, कोणाचा पक्ष बुडाला; कागदावर कारणे लिहिलेली नसतात. पण एकोणचाळीस वर्षे कुलाब्याने कोणालाही लागोपाठ दुसऱ्यांदा धाडले नाही, एवढे त्यावरून स्वच्छ दिसते. आणि ही माणसे काही किरकोळ नव्हती. एक देशाचा अर्थमंत्री होता. एक मुंबई विधानसभेचा सभापती राहिलेला होता. एकासाठी माणसे गोळीला छाती देऊन उभी राहिली होती. मग लोकांचे प्रेम असलेला, जागेवर बसलेला माणूस दुसऱ्यांदा मत मागावयास येतो तेव्हा नेमके काय घडते? त्या पोराच्या प्रश्नाने आम्हांस हा नाद लावला. आम्ही इतिहासाचे पदवीधर नाही. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर आणि लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात झाले. तेव्हा काही बोलण्यात कमीजास्त झाले तर जाणत्यांनी सांभाळून घ्यावे.

प्रथम मतदाराविषयी. उमेदवाराचे चरित्र सगळेच लिहितात, मतदाराचे कोणी लिहीत नाही. आपल्या जिल्ह्यातील कुळाला मतपत्रिका मिळण्याच्या आधी एक दुसरे हत्यार ठाऊक झाले होते. १९३३ साली येथून जवळच, अलिबाग तालुक्यातील चरी गावी, नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली पंचवीस गावांच्या कुळांनी खोतांची जमीन कसणार नाही असे ठरविले. हा संप १९३९ पर्यंत चालला. सहा पावसाळे! भाताचे कोठार म्हणून ज्याची ख्याती त्या मुलखात माणसांनी जंगलातील लाकूडफाटा विकून आणि खाडीतील मासळीवर दिवस काढले, पण नांगर धरला नाही. डॉक्टर आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात आणले. त्याच साली नारायण नागूंनी 'कृषीवल' पत्र काढले. पुढे शेतकरी कामगार पक्षाची मुळे येथे एवढी खोल गेली ती याच मातीत. आता सांगा, ज्याने सहा वर्षे हाती आलेले पीक सोडून दिले, त्याला एखाद्या पुढाऱ्याकडून आपले मत परत घेणे जड का जावे?

असा हा मतदार. त्याच्यापुढे १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसने चिंतामणराव देशमुखांना उभे केले. चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, रायगडाच्या पायथ्याजवळच्या नाते गावचा. पण वडील द्वारकानाथ हे वकील, आणि बालपण कुंडलिकेच्या काठी रोह्यात गेले. १९१२ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली, केंब्रिजला गेले, आय. सी. एस. झाले. १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर आणि १९५० पासून अर्थमंत्री. रोह्याच्या एका महाविद्यालयास आज त्यांचे नाव आहे.

त्या निवडणुकीचे चित्र डोळ्यांपुढे आणावयास हवे. मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत तेव्हा नव्हती. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी, पेटीवर त्याचे चिन्ह. मतदाराने आपला कागद हव्या त्या पेटीत सोडावयाचा. काँग्रेसची बैलजोडी होती आणि भाताच्या मुलखात बैलजोडीला काही समजावून सांगावे लागत नाही. उमेदवार असा की, ज्याची सही लोकांनी नोटेवर पाहिलेली. ज्याच्या सहीने पैशाला पैसा म्हणावयाचे तो माणूस खारपाट्यातल्या कुळाचे मत मागतो, हा प्रकारच नवा होता. देशमुख निवडून आले.

त्यांच्या कामाचा हिशेब मांडावा तर तो मोठा आहे. पहिली पंचवार्षिक योजना त्यांच्या खजिन्यावर उभी राहिली. १ जुलै १९५५ रोजी इंपीरिअल बँकेची स्टेट बँक झाली. १९५६ च्या जानेवारीत आयुर्विम्याचा धंदा सरकारने हाती घेतला. आम्ही कामगार लोक. आमच्या पगारातून विम्याचा हप्ता कापला जातो तेव्हा तो कोठे जातो याची आम्हांस धास्ती असते. कंपन्या बुडतात आणि विधवा पायऱ्या झिजवितात, हे त्या काळी घडत होते. त्या एका निर्णयाखातर आम्ही देशमुखांस मनोमन नमस्कार करतो. पण एखादा खासदार १९५७ साली कुलाब्यात मत मागावयास आला असता, तर लोकांनी त्यास स्टेट बँकेचे विचारले नसते. विचारले असते ते मुंबईचे.

कारण मधल्या काळात काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ च्या ऑक्टोबरात आला. २१ नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. १६ जानेवारी १९५६ रोजी पंडित नेहरूंनी मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील असे जाहीर केले आणि मुंबईच्या रस्त्यांवर पुन्हा रक्त सांडले. कुलाबा जिल्ह्याला मुंबई ही परकी नव्हती. इकडच्या घरटी एक माणूस गिरणीत किंवा गोदीत होता. रेवसहून लाँच भाऊच्या धक्क्याला लागली की माणूस आपल्याच आळीत उतरल्यासारखा उतरे. मुंबई आमची नव्हे असे ऐकल्यावर घरातली खोली तोडून नेल्यासारखे वाटले, असे जुनी माणसे सांगत. आम्ही त्या वेळी जन्मलेलो नव्हतो, पण हे वाक्य आम्ही एकाहून अधिक तोंडांतून ऐकले आहे.

जुलै १९५६ मध्ये चिंतामणरावांनी अर्थमंत्रिपद सोडले आणि लोकसभेत उभे राहून कारणे सांगितली. मुंबईविषयीचा निर्णय मंत्रिमंडळाशी विचारविनिमय न करता जाहीर झाला, आणि गोळीबारात माणसे मेली असता त्याची चौकशी होत नाही, हे त्यांचे मुख्य म्हणणे होते. नेहरूंनी आरोप नाकारले. त्या वादात आज शिरत नाही; त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस त्यातली एकच गोष्ट येथे घ्यावयाची आहे. अर्थमंत्री या नात्याने त्यांना मुंबईवर बोलण्याचे तसे कारण नव्हते. त्यांचे खाते पैशाचे. पण ते कुलाब्याने निवडून दिलेले होते, आणि चौकशीची मागणी करणारा माणूस त्या घडीला खजिन्याचा नव्हे तर ज्यांची माणसे मेली त्यांचा होता. आय. सी. एस. च्या घडवणुकीतला, कायदेकानूंच्या चाकोरीत आयुष्य घालविलेला हा गृहस्थ. त्याला हे किती जड गेले असेल!

पुढे १९५७ ची निवडणूक आली. चिंतामणराव उभे राहिले नाहीत. विद्यापीठ अनुदान मंडळाचे काम त्यांच्याकडे आलेले होते. ते कोणत्याही बाजूने कुलाब्यात उभे राहते तर निवडून आले असते, असे आमचे मत आहे. सिद्ध करता येणार नाही असे हे मत आहे हे कबूल. आमच्या एका जुन्या साथीला ते मुळीच पटत नाही. तो म्हणतो, "राजीनामा दिला ते ठीक. पण मग मोर्चात का नाही आले? मंत्र्याच्या खुर्चीतून उठून दुसऱ्या खुर्चीत बसले." या बोलण्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. चिंतामणराव चळवळीचे नव्हते. १९६९ साली राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले तेही स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांच्या पाठिंब्यावर, म्हणजे आमच्यासारख्यांच्या वाटेपासून पुष्कळ लांब. तरीही रोह्यात त्यांच्याविषयी वावगा शब्द निघत नाही. ज्याने दुसऱ्यांदा मत मागितलेच नाही त्याच्यावर रागवावयाचे तरी कशाने?

ती जागा १९५७ साली शेतकरी कामगार पक्षाचे राजाराम राऊत यांच्याकडे, म्हणजे संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूकडे गेली. महाराष्ट्र झाला, प्रश्न मिटला आणि १९६२ ला दिघे आले, काँग्रेसचे. नंतर कुंटे, नंतर सावंत. या पंधरा वर्षांचा उल्लेख आम्ही एका दमात उरकतो आहोत, त्याबद्दल त्या त्या गृहस्थांच्या चाहत्यांनी राग मानू नये. वेळ थोडा आहे आणि आमचे लक्ष १९८४ कडे लागलेले आहे.

दिनकर बाळू पाटील, म्हणजे 'दि. बा.', उरण तालुक्यातील जासईचे. जन्म १९२६. धंद्याने वकील, पक्षाने शेतकरी कामगार. १९५७ पासून पनवेलचे आमदार, विधानसभेत विरोधी पक्षनेते, १९७७ ला खासदार. १९८० मध्ये ती जागा इंदिरा काँग्रेसच्या ए. टी. पाटलांकडे गेली. लाटेने आणलेले लाटेने नेले, असे कोणीही म्हणेल. परंतु पुढची चार वर्षे पाहा. सिडकोची स्थापना १९७० ची. नव्या मुंबईसाठी पनवेल, उरण आणि ठाणे भागांतील गावांची भातशेती व मिठागरे संपादनात गेली. नगर उभे राहू लागले. ज्याच्या शेतात ते उभे राहिले तो मात्र त्याच नगराच्या फाटकावर पहारेकऱ्याची नोकरी मागू लागला. दि. बा. त्या वेळी खासदार नव्हते. तरी ते गावोगाव हिंडत होते. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेस, जासई परिसरात शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि पाच माणसे हुतात्मा झाली. संपादन केलेल्या जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व नंतर सरकारास स्वीकारावे लागले, ते या रक्तामुळे. आज 'साडेबारा टक्के' हा शब्द पनवेलीतले पोरही जाणते. तो कोठून आला हे पुष्कळांस ठाऊक नसते.

त्याच वर्षाच्या अखेरीस, इंदिरा गांधींच्या हत्येनंतर, लोकसभेची निवडणूक झाली. महाराष्ट्रातील अठ्ठेचाळीस जागांपैकी त्रेचाळीस काँग्रेसने घेतल्या. उरल्या पाच. बारामतीला शरद पवार, औरंगाबादेस साहेबराव डोणगावकर, राजापुरात मधु दंडवते, मुंबईत दक्षिण-मध्य भागातून गिरणी संपाचे डॉक्टर दत्ता सामंत, आणि कुलाब्यातून दि. बा. पाटील. आम्ही तेव्हा शाळकरी वयाचे होतो. आमच्या घरी रेडिओ नव्हता. शेजारच्या ओटीवर लोक जमले होते. दत्ता सामंतांचे नाव ऐकून एक म्हातारा रडला होता, त्याचे दोन मुलगे संपात घरी बसलेले होते. हे आम्ही आजही विसरलो नाही. एवढ्या मोठ्या लाटेत ही दोन बेटे उघडी राहिली ती का? दोन्हीकडे हरलेली, निदान हरत आलेली माणसे होती. गिरणी संप तर मोडल्यातच जमा होता. कामाच्या हिशेबाने पाहू जाता दत्ता सामंतांच्या पदरी शून्य होते आणि दि. बां. च्या पदरी पाच प्रेते. लोकांनी हिशेब तसा केला नाही.

आता याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९८९ साली हीच जागा बॅरिस्टर अंतुले यांच्याकडे गेली. ज्या मतदारसंघाने लाटेविरुद्ध दि. बां. ना पाठविले त्याने पाच वर्षांनी त्यांना दुसऱ्यांदा लागोपाठ पाठविले नाही. आम्ही शेतकरी-कामगारांच्या बाजूचे. हे आम्हांस सुखाचे नाही. पण गोष्ट अशी की, त्या वेळचा कुलाबा मतदारसंघ पनवेल-उरणपासून दूर दक्षिणेपर्यंत पसरलेला होता. सिडकोचा प्रश्न उत्तरेचा. श्रीवर्धन-म्हसळ्याकडच्या माणसाला रस्ता हवा होता, पूल हवा होता, आणि म्हसळे तालुक्यातील आंबेतचे अंतुले हे त्यांचे घरचे. १९८० ते ८२ मध्ये ते मुख्यमंत्री होते. जिल्ह्याचे 'कुलाबा' हे नाव जाऊन १ जानेवारी १९८१ पासून 'रायगड' झाले ते त्यांच्याच कारकिर्दीत. गंमत अशी की, जिल्हा रायगड झाला तरी लोकसभेचा मतदारसंघ कुलाबाच राहिला, थेट २००८ च्या पुनर्रचनेपर्यंत. १९९१ मध्ये अंतुले पुन्हा निवडून आले, १९९६ ला तिसऱ्यांदा. त्या पोराचे बोट जेथे थांबले ते हे ठिकाण.

येथे थोडे आडवळण घेतो. १९५२ साली, जेव्हा आपल्याकडे पहिल्या निवडणुकीची धामधूम संपली होती, तेव्हा अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याचे सेनेटर हेन्री कॅबट लॉज पुन्हा मत मागत होते. तेथील सेनेटर आपल्या राज्यसभेच्या सभासदासारखा आमदारांच्या मतांवर जात नाही. १९१३ पासून त्याला सहा वर्षांनी थेट जनतेपुढे जावे लागते. लॉज मोठ्या घराण्यातले, देखणे, लोकप्रिय. त्यांच्या आजोबांनी याच जागेसाठी १९१६ साली ज्याला पाडले, त्याचा नातू आता समोर होता. लॉज यांनी ते वर्ष आयझेनहॉवर यांना अध्यक्ष करण्याच्या खटपटीत घालविले आणि स्वतःच्या राज्यात फिरावयास उशीर केला. इकडे प्रतिस्पर्ध्याची आई आणि बहिणी गावोगाव बायकांना चहाला बोलावीत होत्या. निकाल लागला तेव्हा आयझेनहॉवर त्या राज्यातही जिंकले आणि लॉज सुमारे सत्तर हजार मतांनी पडले. तो प्रतिस्पर्धी म्हणजे जॉन केनेडी.

हे वाचताना आम्हांस आमचाच पराभव आठवला. एका कारखान्यात आम्ही युनियनचे सरचिटणीस होतो. तीन वर्षांचा पगारवाढीचा करार आम्ही केला. त्या दिवशी गेटवर गुलाल उधळला, आम्हांस खांद्यावर घेतले. करारापाठोपाठ आमचे नाव झाले. दुसऱ्या कारखान्यांतून बोलावणी येऊ लागली, मुंबईच्या बैठका सुरू झाल्या. पुढच्या निवडणुकीत आम्ही पडलो, आणि थोड्याथोडक्या मतांनी नव्हे. आम्हांस तो कृतघ्नपणा वाटला. चार महिने आम्ही त्या रस्त्याने गेलो नाही. शेवटी बॉयलरवरच्या एका वयस्क माणसाला विचारले, "काका, करार तर चांगला होता ना?" ते म्हणाले, "करार आला. तुम्ही नाही आलात. तिसऱ्या पाळीला शेवटचे कधी उभे राहिलात सांगा." आम्हांस सांगता आले नाही. आणि कराराच्या बाहेर जी कंत्राटी पोरे राहिली होती त्यांना युनियनमध्ये मत नव्हते. पण त्यांचे बाप आणि भाऊ सभासद होते, हे आमच्या ध्यानातच आले नव्हते. असो.

पुन्हा आपल्या कागदाकडे. १९९८ आणि १९९९ ला शेतकरी कामगार पक्षाचे रामशेठ ठाकूर लागोपाठ निवडून आले, २००४ ला पुन्हा अंतुले. मग पुनर्रचनेने मतदारसंघाचा नकाशाच बदलला. पनवेल, उरण, कर्जत मावळला जोडले गेले. पेण, अलिबाग, श्रीवर्धन, महाड यांना खाडीपलीकडचे दापोली आणि गुहागर मिळाले. रोहे तालुक्याचे तर तुकडे होऊन ते निरनिराळ्या विधानसभा मतदारसंघांत पडले. एका गावाचा आमदार एक आणि शेजारच्या गावाचा दुसरा. हिशेब मागावयाचा कोणाकडे, हाच पहिला प्रश्न.

याच सुमारास पेण तालुक्याने एक अपूर्व गोष्ट केली. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी संपादन होणार होत्या. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील बावीस गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारने शेतकऱ्यांचे मत घेतले. उमेदवार नाही, पक्ष नाही, चिन्ह नाही. जमीन देता की नाही देत एवढेच. आम्ही त्या दिवशी एका गावात उभे होतो. चरीच्या संपातल्या माणसांची नातवंडे म्हणावीत अशी बायामाणसे रांगेत होती. बहुसंख्यांनी नकार दिला. प्रकल्प पुढे बारगळला. त्यानंतर झालेल्या २००९ च्या निवडणुकांत पेण विधानसभेत शेतकरी कामगार पक्षाचे धैर्यशील पाटील आले आणि लोकसभेस, नव्या रायगड मतदारसंघात, केंद्रीय मंत्री असलेले अंतुले पडून शिवसेनेचे अनंत गीते निवडून आले. पेणच्या माणसाने जमिनीचे मत आणि माणसाचे मत एकाच तागडीत तोलले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण दापोली-गुहागरच्या मतदाराला हेटवण्याशी काय देणेघेणे? तेव्हा मोह आवरतो.

२०१४ ची हकीकत मात्र सविस्तर सांगण्याजोगी. गीते हे बसलेले खासदार. त्याआधी रत्नागिरीतून १९९६ पासून चार वेळा गेलेले. म्हणजे मतदारसंघ बुडाला तरी माणूस तरला होता. त्यांच्यापुढे रोह्याचे सुनील तटकरे, राज्याच्या मंत्रिमंडळातले वजनदार मंत्री. शेतकरी कामगार पक्षाने आपला तिसरा उमेदवार दिला. देशभर मोदींची लाट होती. अशा वेळी बसलेल्या खासदाराने हजारोंच्या संख्येने पुढे असावे. पण १६ मे रोजी मोजणीत आकडे एकमेकांना चिकटूनच चालले. शेवटी गीत्यांना ३,९६,१७८ आणि तटकऱ्यांना ३,९४,०६८ मते पडली. फरक २,११० चा. आणि त्याच यादीत सुनील तटकरे याच नावाचा आणखी एक अपक्ष उमेदवार होता. त्याला ९,८४९ मते मिळाली होती.

यातली किती मते वाट चुकून गेली हे कोणी सांगू शकणार नाही, आणि आम्हीही सांगत नाही. नामसाधर्म्याचा उमेदवार हा प्रकार रायगडने शोधून काढलेला नाही. देशात सर्वत्र चालतो आणि कायद्याने कोणाला आपल्या नावाने उभे राहण्यास बंदी करता येत नाही. पण त्या रात्री रोह्याच्या नाक्यावर लोक बोलत होते ते स्टेट बँक, सिडको, धरण यांपैकी कशाविषयीच नव्हते. बोलणे चालले होते ते मशिनवरच्या नावांविषयी. दोन्ही बाजूंचे लोक तेच बोलत होते, एक हसून आणि दुसरा दात-ओठ खाऊन. बासष्ट वर्षांपूर्वी पेटीवरचे चिन्ह पाहून कागद सोडणाऱ्या अडाणी माणसाची चूक झाली नव्हती, ती लिहितावाचता येणाऱ्याची झाली असण्याचा संभव निर्माण झाला!

गीते केंद्रात अवजड उद्योगमंत्री झाले. अवजड उद्योग म्हणजे आमच्यासारख्या कामगारांचेच खाते, त्यामुळे आमच्या अपेक्षा उंचावल्या होत्या. त्या पुऱ्या झाल्या की नाही यावर धाटावच्या कोणत्याही चहाच्या टपरीवर आपणांस दोन पक्ष भेटतील. २०१९ मध्ये तटकऱ्यांनी त्यांचा ३१,४३८ मतांनी पराभव केला. २०२४ ला, मधल्या काळात दोन्हींकडचे पक्ष दुभंगलेले असताना, तटकरे पुन्हा निवडून आले, ८२,७८४ मतांनी. आमच्या कागदावर ते नाव लागोपाठ दोनदा लिहिले आहे. खाली जागा थोडीच उरली आहे; पुढच्या वेळी दुसरा कागद जोडावा लागेल.

२०१४ नंतर निवडणूक आयोगाने एक सुधारणा केली. १ मे २०१५ नंतरच्या निवडणुकांत नाव आणि चिन्ह यांच्या जोडीला उमेदवाराचा फोटोही छापावयाचा, म्हणजे सारख्या नावांनी घोटाळा होऊ नये. २०१९ च्या मतदानाला आम्ही पेण तालुक्यात, खारपाट्यातील एका गावी होतो. केंद्राबाहेर एक म्हातारी बाई बोटाची शाई वाळवीत बसली होती. गळ्यात काळी पोत, पायांत चप्पल नाही. आम्ही विचारले, "आजी, मशिनवर फोटो असतो आता, सोपे गेले ना?" ती म्हणाली, "बरा झाला बाबा, मशिनीवर तरी तोंड दिसला." मग तिने आमच्याकडे नीट पाहून विचारले, "तू कोनाचा?" आम्ही युनियनचे नाव सांगितले. बांधाला पडलेले खांड अजून भरलेले नाही, उधाणाचे पाणी शेतात येते, ते कोणाला सांगावयाचे असे तिने विचारले. आम्ही तिचे गाव आणि बांधाचे ठिकाण लिहून घेतले.